तिसरा ठसा

८ सप्टेंबर, सोमवार

आज घरात मला बढती मिळाली. कालपर्यंत मी 'दिवसभर लॅपटॉपपुढं बसणारी पोरगी' होते. आज संध्याकाळपासून 'कमिटीतली' झाले.

झालं असं की सेलमहून धुळाचा फोन आला. धुळा म्हणजे नानांच्या गलाईच्या दुकानातला जुना कारागीर. दुकानाची इमारत मालकानं विकायला काढली आहे. मालक म्हणाला, पहिला मान तुमचा, पण दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. मग दुसऱ्याला देणार.

नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, थोरले भाऊ नानासो, उभं आयुष्य तमिळनाडूत, सेलमला सोनं-चांदी गाळत होते. आमच्या कडेगाव-विट्याकडं घरटी एक माणूस असा कुठल्या तरी लांबच्या शहरात मुशीपुढं बसलेला असतो. खाली दुकान, वर दोन खोल्या. मोठ्या आईचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, सगळा संसार त्या दोन खोल्यांत झाला. जुलैत दोघं मोहरमचे ताबूत बघायला गावी आले आणि ताबुतांच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी नाना अंगणातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तेव्हापासून मोठी आई इथं आहे. मूलबाळ नाही. अजून तिनं ट्रंकेतल्या साड्या कपाटात लावलेल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणते, माझं घर सेलमला हाय, मी हितं पावनी.

दुकान स्वतःच्या नावावर करायचं म्हणून नाना, आबा आणि साताऱ्याचे कृष्णात तात्या या तिघा भावांनी मिळून पैसे साठवले, ते बिटकॉइनमध्ये. एकदा रेल्वेत नानांची चांदीची बॅग गेली, तेव्हापासून त्यांना हातात धरता येईल अशी वस्तूच नको होती. सेलमच्या एका मोबाइलवाल्या पोरानं त्यांना वॉलेट काढून दिलं. तिघांच्या तीन चाव्या, आणि पैसे काढायला कुठल्याही दोघांच्या सह्या. ज्या कंपनीच्या ॲपमध्ये ते वॉलेट होतं ती बंद पडली आणि पैसे आत अडकले.

मोठी आई भिंतीला टेकून बसली होती. आबा तिला म्हणाले, "वैनी, काळजी करू नगा. आपली अंकी त्याच्याच कमिटीत हाय."

आता ह्यांना कसं सांगू? आमच्याकडं कमिटी म्हणजे कारखान्याची. त्यातल्या माणसानं फोन लावला की दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी फडात उभी राहते. माझी कमिटी म्हणजे देशोदेशीची काही माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. एका कंपनीच्या ॲपमधलं सामाईक वॉलेट दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये उघडावं म्हणून सगळ्यांनी कुठली पद्धत पाळायची, ते आम्ही ठरवतो. ठरवतो म्हणजे भांडतो. पुण्याच्या माझ्या कंपनीनं मला त्यात बसवलं, कारण दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. कुणाचं कुलूप उघडायचा अधिकार आमच्यातल्या कुणालाच नाही. हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय व्हय," म्हणाले, "पर फोन तर लाव."


१० सप्टेंबर, बुधवार

आबांचा कागद सापडला. देवघरात, हळदीकुंकवाच्या डब्याखाली. प्रत्येकाची चावी म्हणजे इंग्रजी शब्दांची एक रांग असते, तीच कागदावर जपून ठेवायची. आबांनी ती रांग देवनागरीत लिहिली आहे. पोरानं फोनवर वाचून दाखवली आणि ह्यांनी ऐकून उतरवली.

त्यात 'पेअर' आहे. आता हा पेअर जोडीतला का फळातला? चाव्यांसाठी ठरलेल्या शब्दांच्या यादीत दोन्ही आहेत. पुढं 'राइट' आहे, तोही दोन तऱ्हेचा. आबांना विचारलं तर म्हणाले, बरोबर असतो तोच असंल. मला हसू आवरेना. मोठी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, जुलैनंतर पहिल्यांदा. सगळ्या जोड्या लावून बघितल्या आणि एक बसली. फळच निघालं.

एक चावी झाली. तात्यांची मिळाली की दोन. उगाच घाबरले होते. मोठी आई दिवाळी सेलमला करणार असं दिसतंय.


१३ सप्टेंबर, शनिवार

साताऱ्याला जाऊन आले. तात्या सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्या घरातली शिस्त अजून नोकरीवर आहे. त्यांनी कागद लॅमिनेट करून पेन्शनच्या फायलीत लावलेला. शब्द रोमनमध्ये, ठळक, एकही खाडाखोड नाही. मी फोटो काढते म्हटलं तर डोळे वटारले. मग मी बसून हातानं उतरवले आणि त्यांनी दोनदा ताडून बघितले.

निघताना कंदी पेढ्यांचा पुडा दिला आणि म्हणाले, "दोन सह्या म्हंजे दोन सह्या. ठरल्यालं हाय ते. आता वैनीला लवकर मोकळी कर."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. कराड येईपर्यंत मी मनातल्या मनात मोठ्या आईची ट्रंक गाडीत चढवून टाकली.


१४ सप्टेंबर, रविवार

उघडत नाही.

सकाळपासून बसले आहे. मला हे आधी सुचायला हवं होतं, मीच तर दर पंधरा दिवसांनी त्या बैठकीत हेच बडबडते. घरचं म्हटल्यावर डोकं चाललं नाही.

आबांना समजावलं ते इथंही लिहिते, म्हणजे माझंही डोकं ताळ्यावर येईल. प्रत्येक चावीला दोन अंगं. एक गुपित, ते शब्दांच्या कागदावर. दुसरं उघडं, त्याला ठसा म्हणू. कुलूप घडतं ते तिन्ही ठशांनी, उघडतं दोन चाव्यांनी. ॲप चालू होतं तोवर कुलूप त्यात घडलेलं तयार होतं, म्हणून दोन चाव्या पुरत होत्या. ॲप गेलं. आता कुलूप नव्यानं घडवावं लागणार आणि त्याला नानांचाही ठसा हवा. तो कुठं आहे? ते सगळं नानांच्या फोनवर मांडलेलं होतं. तो फोन त्यांनी मागंच मोबाइलच्या दुकानात देऊन नवा घेतला. राहिला नानांचा शब्दांचा कागद. तो मिळाला तर त्यातून ठसा निघतो.

एक वाट होती. त्या पत्त्यावरून एकदा जरी पैसे काढले असते, तरी त्या व्यवहारात तिन्ही ठसे कायमचे उमटून राहिले असते आणि मी ते उचलले असते. पण ह्या तिघांनी कधी एक पैसा काढला नाही. आबा अजून अभिमानानं सांगतात, आमी त्याला हात लावला न्हाई. पैसे स्क्रीनवर दिसतात. मी रोज बघते. जगातल्या कुणालाही दिसतात.

"मग दोन सह्या म्हणून का सांगितलं?" आबांनी विचारलं.




१८ सप्टेंबर, गुरुवार

नानांच्या वस्तू मोठ्या आईबरोबर चाळल्या. आली तेव्हा एक ट्रंक, मागाहून धुळानं पाठवलेलं एक पोतं. सांडशी, छोटी मूस, पावत्यांची बंडलं, मुरुगन देवाचा फोटो, चष्म्याची तीन रिकामी घरं. कागद नाही. धुळानं तिकडं वरच्या खोल्या, गादीच्या शिवणी, पिठाचे डबे, सगळं पालथं घातलं. नाही.

मोठी आई मदत करत होती पण शोधत नव्हती, असं मला वाटलं. एकेक वस्तू हातात घेऊन बसायची. मधेच नानांच्या ताईताचं बोलली. तो ताईत आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता, चांदीचा, करंगळीएवढा, गळ्यात काळ्या दोऱ्यात. आंघोळीलाही काढत नसत. तो त्यांनी स्वतः घडवला होता, ते पैशांचं ठरलं त्याच आठवड्यात. मोठी आई म्हणाली, "मुशीपाशी मीच बसले हुते. तोंड बंद करताना म्हनले, तानू, आता दुकान हितं हाय." आणि तिनं छातीवर हात ठेवला, नाना ठेवायचे तसा.

मला एकदम भरून आलं. नाना असे छाती थोपटत दुकान हितं हाय म्हणायचे ते मीही ऐकलंय. माणसाचा जीव एखाद्या जागेत किती असावा. तिरडीवर ठेवताना मोठी आई तो दोरा काढायला गेली होती, तेव्हा आबाच म्हणाले, राहू दे वैनी, त्याच्या अंगावरचं हाय, त्याच्यासंगं जाऊ दे. ते बरंच केलं म्हणायचं.

उद्या नानांच्या जुन्या फोनचं दुकान शोधायला धुळाला सांगते.


२५ सप्टेंबर, गुरुवार

फोनचं दुकान सापडलं, पण फोन कधीच पुसून कुणाला तरी विकलेला.

कमिटीच्या बैठकीत मी आज विषय काढला. मसुद्यात एक कलम आहे, माझंच. सही करणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या शब्दांबरोबर बाकीच्यांचे ठसेही छापावेतच. एवढं असतं तर तात्यांच्या त्या लॅमिनेट केलेल्या कागदावरच नानांचा ठसा मिळाला असता. एका मोठ्या कंपनीचा माणूस म्हणाला, ठसे हाती आले की एकाला सगळ्यांची शिल्लक दिसते, लोकांना ते आवडत नाही. त्याचंही चूक नाही. मत पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं.

गावात बातमी पसरली आहे. दुधाला गेले तर डेअरीवरच्या बाई म्हणाल्या, कमिटीत असून आपल्याच माणसाचं काम हुईना व्हय गं?


१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हे लिहू की नको कळत नाही. लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

आबांनी ट्रॅक्टर धुतला, मी लॅपटॉपला हार घातला. मोठ्या आईनं पाटावर नानांची हत्यारं मांडली, सांडशी, मूस, तराजूची वजनं. त्यांच्याशेजारी पांढऱ्या फडक्यावर एक वेडीवाकडी गुठळी ठेवली, काळसर. मी विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "सावडताना राखंत घावली. चांदी हाय." आणि फूल वाहिलं.

मी नमस्काराला वाकले आणि तशीच राहिले. त्याच आठवड्यात घडवलेला ताईत. तोंड बंद केलेला. दुकान हितं हाय. अगं बाई, ते छातीबद्दल बोलत नव्हतेच. ते ताईताबद्दल बोलत होते. कागद त्यात होता. चांदी उरली, कागद गेला, आणि हे आबांच्या शब्दावरून झालं.

आबा पलीकडं नारळ फोडत होते. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, कमिटीसाठी बी देवाला सांगितलंय. मी तो खाल्ला.

आबांना सांगायचं नाही. भावाच्या गळ्यातला तो दोरा मायेनं ठेवला त्यांनी. आणि मोठ्या आईला तर नाहीच नाही. ती काढायला गेली होती, तिला आबांनी थांबवलं आणि कागद त्यातच होता, हे कळलं तर ती ह्या घरात घास कसा गिळेल? बरं आहे, तिला बिचारीला त्यातलं काही ठाऊक नाही.


९ ऑक्टोबर, गुरुवार

मत झालं. कलम मंजूर.

पण आम्ही 'छापावेतच' मागितलं होतं, मिळालं 'छापावेत'. इंग्रजीतही एका शब्दाचाच फरक, मराठीत तर एका 'च'चा. 'च' असता तर प्रत्येक कंपनीला करावंच लागलं असतं. आता ज्याला वाटेल तो करेल.

मी बोलायचं ठरवलं होतं, बोललेही. माझ्या घरी एक बाई आहेत, मी म्हणाले, दोन चाव्या शाबूत असून त्यांचं घर जातंय. इंग्रजी भलतीकडंच चाललं होतं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. अध्यक्षबाईंनी फार हळहळून सांत्वन केलं आणि मग पुढचा विषय घेतला, ठसे कुठल्या क्रमानं मांडावेत.

मला त्यांचा राग येत नाही, हेच जास्त लागतं. राग आला असता तर निदान काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं.

आबा दारात उभे होते. विचारलं, झालं का पास? म्हटलं, झालं. त्यांनी लगेच तात्यांना फोन लावला. खरं काय ते समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती.


१५ ऑक्टोबर, बुधवार

आज वाईट दिवस.

आबांना सांगलीत कुणीतरी भेटला. तो म्हणे असली कुलपं फोडून देतो, अर्धं त्याचं. फक्त दोन्ही कागद त्याच्या हवाली करायचे. तात्या साताऱ्याहून कागद घेऊन सकाळीच हजर. दोघं नवे शर्ट घालून निघाले होते.

मी आडवी गेले. म्हटलं, कुणालाही ते जमणार नाही आणि तिसरा कागद कुठून मिळालाच, तर तो हेच दोन वापरून सगळं घेऊन जाईल. आबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. आजही ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या कमिटीनं काय केलं? तुला जमंना, तर दुसऱ्याला करू दे की." तात्या दुसरीकडं बघत राहिले. मला रडू फुटलं. तिसरा कागद कुठून मिळणारच नाही हे माझ्या ओठांवर होतं. आबांचं तोंड बघून गिळलं.

मोठी आई चुलीपासून उठून आली. ती ह्या विषयात कधी पडलेली नाही. हात पुसत म्हणाली, "भावजी, त्यांनी तिसरा कागद केलाच न्हवता. मला ठावं हाय. पोरानं सांगितलं तवा म्हनले, दोन हायत की, मला कशाला पायजे. उगी पोरीला बोलू नगा."

आबा म्हणाले, "वैनी, हे आधी का न्हाई सांगितलं?"

"आता आठवलं," ती म्हणाली.

आबा ओट्यावर बसले. मग तात्यांनी कागद परत फायलीत घातला आणि चहा मागितला. सांगलीचं राहिलं.

बिचारी. तिला असं वाटतंय की नानांनी कागद केलाच नाही. कागदाशिवाय पहिल्यांदा वॉलेट उघडलंच नसतं, हे तिला कुठलं माहीत असायला. चुकीचं बोलली, पण अगदी वेळेवर बोलली. आबांच्या डोक्यातून ते निघालं आणि आता कुणी शोधणारही नाही. तिचं अज्ञान आज माझ्या उपयोगी पडलं, ह्याची लाज वाटते.


१९ ऑक्टोबर, रविवार

मोठ्या आईनं ट्रंक रिकामी केली. मी कपाटातला माझा एक कप्पा तिला दिला. तिनं साड्या रचल्या, मुरुगनचा फोटो आमच्या देवघरात ठेवायला माझ्या आईला विचारलं. मग घरमालकाला स्वतः फोन लावला. तमिळमध्ये भराभर बोलत होती, मधे हसलीही. आमच्याशी ती इतकं भराभर कधीच बोलत नाही. मला एक शब्द कळला नाही. फोन ठेवल्यावर विचारलं तर म्हणाली, पाडव्यापतोर थांबू नगा म्हनून सांगितलं.


२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा.

धुळानं व्हिडिओ कॉल केला. दुकान मोकळं झालं होतं. त्यानं फोन सगळीकडं फिरवला, भट्टीची काळी भिंत, जिना, वरच्या खोल्या. मोठी आई म्हणाली, खिडकी दाव. त्यानं खिडकी दाखवली. खाली रस्त्यावर कुणी फुलांच्या माळा विकत होतं. ती बघत राहिली, मग म्हणाली, बास, आता बंद कर. आबा तोवर अंगणात निघून गेले होते.

जेवणं झाल्यावर ती माझ्या खोलीत आली. पांढऱ्या फडक्यातली ती गुठळी माझ्या हातात ठेवली.

"हे तुझ्यापाशी ठेव," म्हणाली. "भावजींच्या नजरंला पडू दिऊ नगंस. कवाच."

का ते मी विचारलं नाही. भावाची आठवण येऊन ते रडतील म्हणूनच म्हणाली असणार. तिचा स्वभावच तसा आहे. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, कमिटीच्या बाईंनो, झोपा आता, लय जागलासा.

गुठळी कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवली आहे, तिच्या साड्यांच्या वरच्याच कप्प्यात. काही म्हणता काही करू शकले नाही मी. पण त्या चांदीत काय होतं, ते मोठ्या आईला कधी कळू देणार नाही. एवढं तरी माझ्या हातात आहे.